पॉलिंग यांची सर्दी

१९४८ च्या वसंतात लायनस पॉलिंग हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला पाहुणे प्राध्यापक म्हणून आले होते. इंग्लंडच्या दमट हवेत त्यांना सर्दीने गाठले आणि अंथरूण धरावे लागले. सुरुवातीचा वेळ रहस्यकथा वाचण्यात गेला; मग त्याचाही कंटाळा आला. त्यांनी कागद, पट्टी आणि पेन्सिल घेतली, प्रथिनांच्या साखळीतले अणू नेमक्या अंतरावर रेखाटले आणि त्या कागदाला घड्या घालत बसले. घड्या घालता घालता कागद मळसूत्रासारखा वळत गेला आणि दहाएक वर्षे छळणारे कोडे अंथरुणातच सुटले. केस, नखे, स्नायू, रक्तातले हिमोग्लोबिन अशा असंख्य प्रथिनांत आढळणारी ही रचना १९५१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. अल्फा हेलिक्स या नावाने ती आज अकरावी-बारावीची मुलेही शिकतात.

विज्ञानाच्या इतिहासात इतकी फलदायी सर्दी दुसरी सापडणे कठीण. याच माणसाने पुढे आयुष्याची शेवटची पाव शतकभर वर्षे सर्दीला कायमचे घालवण्याच्या ध्यासात घालवली. आज सर्दी-खोकला सुरू होताच औषधाच्या दुकानात ‘क’ जीवनसत्त्वाची आणि जोडीला झिंकची गोळी मागितली जाते, त्या सवयीचे मूळ बऱ्याच अंशी या ध्यासात आहे.

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. वडील हर्मन औषधविक्रेते होते. मुलाला वाचनाची विलक्षण ओढ आहे हे त्यांनी वेळीच ओळखले होते, पण पोटातला व्रण फुटून १९१० मध्ये ते अचानक गेले. लायनस तेव्हा नऊ वर्षांचा होता. आई बेल हिने भाडेकरू ठेवून, त्यांना जेवूखाऊ घालून संसार रेटला. तिला एक घातक प्रकारचा रक्तक्षय होता आणि तिची ताकद हळूहळू ओसरत गेली. १९२६ मध्ये ती वारली, तेव्हा मुलगा युरोपात पुंजभौतिकी शिकत होता. त्याच वर्षी बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिले, की या रक्तक्षयाच्या रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घातले तर ते बरे होतात. यकृतातला तो गुणकारी पदार्थ म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, हे कळायला आणखी दोन दशके लागली. नेमका अन्नघटक नेमक्या माणसाला मिळाला तर मृत्यू टळू शकतो, याचे इतके जवळचे उदाहरण फार थोड्या शास्त्रज्ञांच्या घरात घडले असेल.

शिक्षणाची गोष्टही सरळ नव्हती. इतिहासाच्या अभ्यासक्रमावरून शाळेशी बिनसले आणि प्रमाणपत्र न घेताच ते कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाले. (शाळेने ते प्रमाणपत्र पुढे दिले, पण १९६२ मध्ये!) पैशांअभावी शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा महाविद्यालयानेच अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याला शिकवायच्या नोकरीवर ठेवून घेतले. पुढे तिथेच त्यांच्या वर्गात एव्हा हेलन मिलर ही विद्यार्थिनी होती. १९२३ मध्ये दोघांचे लग्न झाले.

कॅलटेकमध्ये डॉक्टरेट, मग म्युनिक, कोपनहेगन, झुरिक. अणू एकमेकांना धरून कसे राहतात, हा त्यांचा विषय. त्यावरचे १९३९ चे पुस्तक रसायनशास्त्राच्या काही पिढ्यांनी प्रमाण मानले आणि १९५४ चे नोबेलही त्याच कामाला मिळाले. पण त्यांना माणसाच्या शरीरातले रसायन जास्त खुणावत होते. १९४९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सिकलसेल या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या फरकात आहे. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या कित्येक कुटुंबांना हा आजार आज नावाने माहीत आहे. एखाद्या रोगाचा दोष एका रेणूत शोधता येतो, ही कल्पना तिथून रुजली.

त्याआधी एक प्रसंग घडला होता, आणि पुढच्या कथेत त्याचे वजन मोठे आहे. १९४१ मध्ये पॉलिंग यांचा चेहरा आणि अंग सुजू लागले. मूत्रपिंडाचा तो विकार तेव्हा बहुधा जीवघेणाच ठरायचा. स्टॅनफर्डचे डॉ. थॉमस ॲडिस यांनी वेगळाच मार्ग धरला : प्रथिने अगदी कमी, मीठ जवळपास नाही, पाणी भरपूर. एव्हा हेलन प्रत्येक घास मोजून-मापून द्यायच्या. पॉलिंग बरे झाले. औषधाने नव्हे, आहाराने. हा अनुभव ज्याने स्वतः घेतला, त्याला पुढे अन्नघटकांच्या ताकदीवर शंका घेणे जड जाणार, हे समजण्यासारखे आहे.

पुढचा काळ अणुबॉम्बविरोधी चळवळीचा. १९५२ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला. १९५८ मध्ये अणुचाचण्या थांबवा, असे सांगणारे जगभरातल्या हजारो शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी आणि एव्हा हेलन यांनी संयुक्त राष्ट्रांना दिले. १९६२ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. कोणाशीही वाटून न घेता दोन नोबेल मिळवणारा आजवर हा एकच माणूस.

१९५३ ची चूकही इथे सांगायला हवी. डीएनएची रचना शोधण्याच्या घाईत पॉलिंग यांनी तीन पदरी मळसूत्र मांडले. त्यात रसायनशास्त्राचा अगदी प्राथमिक म्हणावा असा दोष होता आणि केंब्रिजच्या वॉटसन-क्रिक जोडीने तो लगेच हेरला. त्या वसंतात पॉलिंग केंब्रिजला गेले, दोन पदरी प्रतिकृती पाहिली आणि बरोबर उत्तर हेच, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आपली मांडणी हातातून सोडून देणे त्यांना जमत होते, निदान तेव्हा तरी.

मग १९६६ साल उजाडले. न्यूयॉर्कमध्ये एक पदक स्वीकारताना पासष्ट वर्षांचे पॉलिंग बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, की विज्ञान पुढे काय करते ते पाहायला आणखी पंधरा-वीस वर्षे मिळाली तर बरे. श्रोत्यांत अर्विन स्टोन नावाचे जीवरसायनज्ञ होते. खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व वापरायची पेटंटे त्यांच्या नावावर होती. त्यांनी पॉलिंग यांना पत्र लिहिले : पंधरा वर्षे कशाला, पन्नास मिळतील, फक्त रोज ३,००० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व घ्या. त्या काळची शिफारस ६० मिलिग्रॅमच्या आसपास होती. स्टोन यांचा युक्तिवाद वरवर भक्कम होता. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. शेळीसारखा प्राणी तर दिवसाला काही ग्रॅम बनवतो. माणूस, माकडे, गिनिपिग अशा मोजक्यांनी ती क्षमता उत्क्रांतीच्या वाटेवर गमावली. म्हणजे आपण सगळे जन्मतःच कमतरतेत जगतो, असा त्याचा निष्कर्ष.

पती-पत्नींनी गोळ्या सुरू केल्या. त्यांना उत्साह वाटू लागला, सर्द्याही कमी झाल्याचे जाणवले. पॉलिंग भाषणांतून हे सांगू लागले, तेव्हा व्हिक्टर हर्बर्ट नावाच्या डॉक्टरांनी पत्राने खडसावून पुरावा मागितला. अनुभव नको, कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी हे ना डॉक्टरला ठाऊक ना घेणाऱ्याला, अशी चाचणी दाखवा. आव्हान अंगावर घेणे हा पॉलिंग यांचा स्वभावच. त्यांनी ग्रंथालय पालथे घातले आणि स्वित्झर्लंडमधली १९६१ ची एक चाचणी शोधून काढली. स्कीइंगच्या शिबिरांतल्या २७९ जणांपैकी काहींना रोज एक ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिले होते, उरलेल्यांना खोटी गोळी. जीवनसत्त्व घेणाऱ्यांत आजारपणाचे दिवस सुमारे साठ टक्क्यांनी कमी भरले.

१९७० च्या अखेरीस त्यांचे ‘क’ जीवनसत्त्व आणि सर्दी यांवरचे छोटेखानी पुस्तक आले. भाषा सोपी, लेखक दोन नोबेलांचा मानकरी, आणि आजार घरोघरचा. अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांतल्या बरण्या रिकाम्या होऊ लागल्या. पॉलिंग यांचा स्वतःचा डोसही वर्षागणिक चढत गेला आणि अखेर रोज १८,००० मिलिग्रॅमवर पोचला.

पुस्तकामुळे एक चांगली गोष्ट मात्र नक्की झाली. जो प्रश्न कोणी फारसा मनावर घेत नव्हते, त्याची रीतसर तपासणी सुरू झाली. टोरांटोच्या टेरेन्स अँडरसन यांनी पॉलिंग यांचे म्हणणे खोडून काढायच्या अपेक्षेनेच मोठी चाचणी उभारली. आठशेहून अधिक लोकांनी ती पूर्ण केली. १९७२ चा निकाल पाहून तेच चकित झाले : सर्दी होण्याचे प्रमाण फारसे घटले नव्हते, पण घरी पडून राहण्याचे दिवस सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते. नंतरच्या चाचण्यांत हा फायदा आणखी आक्रसला.

सर्वांत बोधप्रद ठरली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतली, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. तिथल्या तीनशेवर कर्मचाऱ्यांना नऊ महिने कॅप्सूल देण्यात आल्या. काहींत ‘क’ जीवनसत्त्व, काहींत दुधातली साखर. पण हे लोक संशोधन संस्थेतलेच; काहींनी कॅप्सूल फोडून चाखून पाहिली! एक आंबट, दुसरी गोडसर. गुपित फुटले. हिशेब मांडल्यावर दिसले, की ज्यांना आपण काय घेतो ते कळले होते त्यांच्यातच सर्दी लवकर आटोपत होती. ज्यांना पत्ता नव्हता, त्यांच्यात फरक जवळपास नाहीसा झाला. सर्दी हा आजार असा, की त्याची तीव्रता आपणच आपल्याला सांगतो. नाक किती वाहते, अंग किती दुखते याला थर्मामीटर नाही. म्हणून तर पॉलिंग पती-पत्नींचा स्वतःचा अनुभव प्रामाणिक असूनही पुरावा म्हणून लंगडा होता.

या सगळ्या चाचण्यांची एकत्र गोळाबेरीज २०१३ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात झाली. रोज नियमाने ‘क’ जीवनसत्त्व घेणाऱ्या ११,३०६ जणांच्या २९ तुलनांतून दिसले, की सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याची शक्यता त्यामुळे कमी होत नाही. झालीच तर ती प्रौढांत सुमारे ८ आणि मुलांत १४ टक्के कमी काळ टिकते. म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत प्रौढाचा अर्धा दिवस वाचतो, तोही वर्षभर रोज गोळी घेतली तर. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा ठाम फायदा दिसला नाही. एकच गट वेगळा निघाला : मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक. अशा ५९८ जणांत सर्दीचे प्रमाण चक्क निम्म्यावर आले. त्यांच्यातले जवळजवळ निम्मे लोक म्हणजे पॉलिंग यांना सापडलेल्या त्या स्विस शिबिरांतली मंडळी. चाचणी खोटी नव्हतीच. बर्फात दिवसभर शरीर झिजवणाऱ्यांचा निष्कर्ष पॉलिंग यांनी खुर्चीत बसून काम करणाऱ्या साऱ्या जगाला लावला.

शेळीचा दाखला कुठे अडखळतो, तेही आता कळले आहे. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमपर्यंतचे ‘क’ जीवनसत्त्व आतडे जवळजवळ सगळे शोषून घेते. त्यानंतर रक्तातली पातळी फारशी वाढत नाही. मात्रा जसजशी वाढते, तसतसे शोषण कमी होते आणि मूत्रपिंडे जादाचा साठा बाहेर टाकतात. पांढऱ्या पेशी विषाणू-जिवाणूंशी लढताना हे जीवनसत्त्व वापरतात हे खरे, पण त्या पेशी थोडक्यातच तृप्त होतात.

सर्दीवरून पॉलिंग कर्करोगाकडे वळले. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक इव्हान कॅमेरॉन यांच्यासह १९७६ मध्ये त्यांनी लिहिले, की ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने असाध्य अवस्थेतले रुग्ण जास्त जगतात. पण त्यांची तुलना जुन्या नोंदींतल्या रुग्णांशी होती, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये रीतसर चाचण्या घेतल्या, त्यांत फायदा दिसला नाही. पॉलिंग यांचा आक्षेप होता, की औषध शिरेतून दिले नाही आणि पुरेसा काळ दिले नाही. शिरेतून दिल्यास रक्तातली पातळी कितीतरी जास्त चढते, हे नंतर सिद्ध झाले. म्हणजे आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण त्यातून त्यांचा मूळ दावा उभा राहत नव्हता. डिसेंबर १९८१ मध्ये एव्हा हेलन पोटाच्या कर्करोगाने गेल्या. त्याही वर्षानुवर्षे हे जीवनसत्त्व घेत होत्या. डीएनएच्या वेळी एका भेटीत आपली चूक मान्य करणारे पॉलिंग इथे तसूभरही हलले नाहीत.

याच काळात दुसरा एक अन्नघटक अगदी उलट्या वाटेने पुढे येत होता : जस्त, म्हणजे झिंक. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणच्या शिराझमध्ये काम करत असताना त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा रुग्ण आला. दिसायला तो दहा वर्षांचा वाटायचा. आहार बिनखमिराच्या पावाचा, शिवाय माती खायची सवय. असे तरुण पंचविशीपर्यंत कसेबसे जगत, संसर्गाने दगावत. पुढे इजिप्तमधल्या अशाच रुग्णांत प्रसाद यांनी जस्ताची कमतरता सिद्ध केली. जस्त दिल्यावर ती मुले उंचीने वाढली. माणसाला जस्त लागते हे १९७४ मध्ये अमेरिकेने अधिकृतपणे मानले.

जस्त कमी पडले, की छातीतली थायमस ग्रंथी रोडावते आणि विषाणूंनी ग्रासलेल्या पेशी ओळखणाऱ्या टी-पेशींची फौज पातळ होते. थायम्युलिन हे थायमसचे संप्रेरक जस्ताविना काम करत नाही. पेशीतली जनुके चालू-बंद करणाऱ्या असंख्य प्रथिनांत जस्ताचा अणू एखाद्या गाठीसारखा बसलेला असतो, आणि त्या गाठीने बांधून ठेवलेला एक भाग म्हणजे ऑक्सफर्डच्या अंथरुणात सापडलेले तेच मळसूत्र. प्रसाद यांच्या २००७ च्या चाचणीत ५० वृद्धांपैकी काहींना वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम जस्त दिले. त्यांच्यात २९ टक्क्यांना वर्षभरात काही ना काही संसर्ग झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत ८८ टक्क्यांना. चाचणी लहान आहे, पण वयस्करांत जस्ताची चणचण बरीच आढळते हे लक्षात घेतले तर अविश्वसनीय नाही. कुपोषण असलेल्या भागांत लहान मुलांना नियमित जस्त दिल्याने न्यूमोनियाही काहीसा कमी होतो. मुलाला जुलाब झाले, की आशाताई ओआरएसच्या पुड्यांसोबत चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या हातात ठेवतात, त्यामागे असेच भक्कम संशोधन आहे.

पोट भरलेल्या, सुस्थितीतल्या प्रौढाच्या सर्दीत मात्र चित्र पुन्हा धूसर होते. प्रयोगशाळेत जस्ताचे आयन सर्दीच्या विषाणूची वाढ रोखतात, हे १९७४ मध्येच दिसले होते. त्यावरून चघळायच्या गोळ्या आल्या. कॉक्रेनचा २०२४ चा आढावा सांगतो, की जस्ताने सर्दी टळत नाही. झालेली सर्दी कदाचित दोनेक दिवस आधी संपते, पण या पुराव्यावर फारसा विश्वास ठेवता येत नाही, आणि तोंडाची चव बिघडणे, मळमळणे हे त्रास वाढतात. कोविडच्या काळात आपल्याकडे ‘क’ जीवनसत्त्व आणि झिंक यांची जोडगोळी घरोघरी पोचली. अमेरिकेत २१४ बाधितांवर घेतलेल्या चाचणीत या दोन्हींच्या मोठ्या मात्रांनी आजार लवकर बरा झाला नाही, म्हणून ती मध्येच थांबवण्यात आली.

गोळ्या निरुपद्रवी आहेत, असेही नाही. महिनोन्महिने जादा जस्त घेतल्यास शरीरातले तांबे कमी होते, रक्तक्षय होतो आणि पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणजे ज्यासाठी गोळी सुरू केली तेच बिघडते. नाकात मारायच्या जस्ताच्या औषधाने शंभरावर लोकांचा वास गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते न वापरण्याचा इशारा दिला. ‘क’ जीवनसत्त्वाचा अतिरेक जुलाब घडवतो आणि मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना महागात पडू शकतो. एका पेरूत ‘क’ जीवनसत्त्वाची दिवसाची गरज भागून उरते. जस्ताचे थोडे वेगळे आहे. धान्य-कडधान्यांतल्या फायटेटमुळे ते आतड्यात अडकून राहते. मोड आणले किंवा पीठ आंबवले, की हा अडसर कमी होतो. त्यामुळे मोडाच्या मटकीची उसळ, सोबत शेंगदाणे-तीळ, चालत असेल त्यांना अंडी किंवा मटण, यावर बहुतेकांचे भागते. वृद्ध, आतड्याचे जुने विकार असलेले आणि आहार तुटपुंजा असलेले यांनी मात्र डॉक्टरांना विचारून जस्त घेण्यात अर्थ आहे.

पॉलिंग यांना १९९१ मध्ये पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग असल्याचे कळले. आपल्या जीवनसत्त्वानेच तो इतकी वर्षे लांबला, असे त्यांचे मत होते. कॅलिफोर्नियात बिग सर इथे समुद्रकाठच्या आपल्या घरी १९ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी ते वारले. आणखी पंधरा-वीस वर्षे मागणाऱ्याला अठ्ठावीस मिळाली होती. त्यांनी स्थापलेली संशोधन संस्था दोन वर्षांनी कॉर्व्हॅलिसला, ते ज्या महाविद्यालयात शिकले आणि शिकवले तिथल्या विद्यापीठात, हलवण्यात आली. पॉलिंग यांचेच नाव लावणारी ही संस्था आज प्रौढांना रोज ४०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्वाची शिफारस करते. संस्थापक घेत होते त्याचा हा पंचेचाळिसावा भाग आहे.